‘खजिनदार होते, तेवढंच’

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मी ४७ वर्षांची, बी.कॉम. १९९८ साली झाले. पाच-सहा वर्षं ठाण्यातल्या एका छोट्या कंपनीत हिशेब लिहिले, सेल्स टॅक्सची चलनं भरली. २००४ मध्ये दिवस गेले तेव्हा नोकरी सोडली, ती सोडलीच. २२ वर्षांचा संसार सात महिन्यांपूर्वी परस्पर संमतीने संपला. आता डोंबिवलीत आईकडे राहते, आई ७४ वर्षांची आहे. मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला, त्याचा खर्च वडील करतात. मला एकरकमी १८ लाख मिळाले. ते घेतानाच लाजिरवाणं वाटलं, म्हणून अजून हातही लावलेला नाही. आईच्या ओळखीच्या सहकारी बँकेत बचत खात्यावर पडून आहेत. महिन्याला २८ हजार लागतात, ते सोनं मोडून भागवते. दोन मुलाखती दिल्या. एका ठिकाणी पंचविशीतल्या मुलीने विचारलं, ‘इतकी वर्षं काय करत होतात?’ सगळं सांगायला गेले आणि रडू फुटलं. भाऊ म्हणतो, दहा लाख घाल, पोळी-भाजी केंद्र काढ. मैत्रीण घरबसल्या टायपिंगचं काम सुचवते, त्याची नोंदणी साडेचार हजार. मला वाटतं, आधी आत्मविश्वास परत यावा, मग नोकरी. एकवीस वर्षं मी काहीच केलेलं नाही. सोसायटीत चार वर्षं खजिनदार होते, तेवढंच. कुठून सुरुवात करू?

उत्तर:

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलंय. त्याकडे येतोच. पण आधी पैशांचं बोलू, कारण खात्यात १८ लाख असताना सोनं मोडणं आधी थांबायला हवं.

हे पैसे तुम्हाला कुणी उपकार म्हणून दिलेले नाहीत. हिंदू विवाह कायद्याचं कलम २५ कायमस्वरूपी पोटगीसाठीच आहे, आणि ते अशासाठी आहे की दोघांच्या संसारात एकाने कमवायचं थांबवलं तर त्याची किंमत त्या एकट्याने मोजू नये. तुम्ही २००४ मध्ये थांबलात म्हणून घरातल्या दुसऱ्या माणसाची नोकरी अखंड चालली. त्या हिशेबाचा हा तुमचा भाग. तो घेताना लाज वाटते आणि स्त्रीधन सोनाराच्या तराजूत टाकताना वाटत नाही, हे जरा तपासून पाहा. जुनं सोनं मोडताना घट धरली जाते, आणि तेच पुन्हा घ्यायचं म्हटलं तर मजुरी नव्याने भरावी लागते. म्हणजे दोन्हीकडून तोटा.

दुसरी अडचण बँकेची. ठेव विमा एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज धरून ५ लाखांपर्यंतच मिळतो. बाकीचे १३ लाख त्या एका बँकेच्या भरवशावर आहेत. बँक वाईट आहे असं मुळीच म्हणत नाही. पण २०१९ मध्ये एका मोठ्या सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांचे काय हाल झाले ते मुंबईच्या आसपास राहणाऱ्यांना सांगायला नको. शिवाय बचत खात्यावर अडीच-तीन टक्के व्याज मिळतं, ते वेगळंच.

मांडणी अशी करून पाहा. सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे १ लाख ७० हजार, बचत खात्यात. ९ लाख पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत; एकट्याच्या नावाने तेवढीच मर्यादा आहे. अलीकडच्या ७.४ टक्के दराने त्याचे महिन्याला ५,५५० रुपये येतात, आणि खातं उघडताना जो दर असेल तोच पाच वर्षं राहतो. पहिल्या वर्षात हे पैसे काढता येत नाहीत, नंतर मुदतीआधी काढले तर एक-दोन टक्के कापतात, म्हणून आधी सहा महिन्यांची सोय वेगळी ठेवायची. ७ लाख दोन वेगळ्या बँकांत, एक, दोन आणि तीन वर्षांच्या ठेवींत तोडून. उरलेले ३० हजार शिकण्याला आणि आरोग्य विम्याच्या पहिल्या हप्त्याला. एकरकमी पोटगीवर साधारणपणे प्राप्तिकर लागत नाही, ती भांडवली स्वरूपाची जमा धरतात. दरमहा मिळणारी पोटगी मात्र उत्पन्नात धरली जाते, हे इतर वाचकांनी लक्षात ठेवावं. तुमच्या बाबतीत व्याज हे उत्पन्न आहे. तेव्हा विवरणपत्र भरा, आणि एकूण उत्पन्न करपात्र होत नसेल तर व्याजातून कर कापू नये अशी स्वघोषणा (१५जी म्हणून ओळखला जाणारा फॉर्म) बँकेत द्या.

आता २८ हजारांतून ५,५५० वजा करा. उरले २२,४५०. पहिली नोकरी १५ हजारांची मिळाली तर महिन्याला साडेसात हजार कमी पडतील, वर्षाला ९० हजार. सात लाखांच्या ठेवींवर साडेसहा टक्के धरले तर ४५ हजार व्याज येतं. म्हणजे पहिल्या वर्षी मुद्दलातून जाणार ४५ हजार. ‘पैसे संपतील’ ही भीती रात्री तीन वाजता १८ लाखांएवढी मोठी होऊन उभी राहते. दिवसा कागदावर मांडली तर तिची उंची ४५ हजार भरते. हा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

यातच भावाच्या दहा लाखांचंही उत्तर आलं. पोळी-भाजी केंद्र वाईट धंदा नाही, डोंबिवलीत तर नाहीच. तिथे संध्याकाळी लोकलमधून उतरणारा निम्मा माणूस पोळ्या घेऊन घरी जातो. पण तुमच्या अख्ख्या पत्रात स्वयंपाक आवडतो असं एक अक्षर नाही. बाई एकटी पडली की तिने पोळ्या लाटाव्यात, ही कल्पना भावाची आहे. दहा लाखांतलं गाळ्याचं डिपॉझिट कदाचित परत येईल; ओटा, एक्झॉस्ट, फ्रीज, फर्निचर यांचा विकताना चौथा हिस्साही येत नाही. मनात खरंच असेल तर घरातून दोन महिने १५ डबे देऊन पाहा. एवढ्या छोट्या उलाढालीला नुसती अन्न सुरक्षा नोंदणी पुरते. पहाटे साडेचारला उठून साठाव्या दिवशीही नको वाटलं नाही, तर पुढचं बघू. भावाला सांगताना ‘पैसे पाच वर्षांसाठी अडकवलेत’ एवढंच सांगा. पोस्टाचं पासबुक हा नातं न तोडता नाही म्हणायचा चांगला मार्ग आहे.

टायपिंगच्या कामाचं मात्र वाटाघाटीला जागा नाही: भरू नका. पद्धत ठरलेली आहे. आधी नोंदणी, मग एक करारनामा, मग न वाचता येणाऱ्या चित्रातला मजकूर टाइप करायला देतात, आणि शेवटी ‘अचूकता ९० टक्क्यांच्या खाली गेली, करार मोडला, दंड भरा’ म्हणून कुणीतरी वकील असल्याचं सांगून धमकावतो. ज्याला काम करून हवंय तो काम करणाऱ्याकडून पैसे घेत नाही. कुणी आधीच भरले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवावं, जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त.

आता आत्मविश्वास.

तुम्ही लिहिता, तो आधी यावा आणि मग नोकरी. हा क्रम मला पटत नाही. आत्मविश्वास ही घरात बसून आणायची वस्तू नाही. वहीचा बँकेच्या पासबुकाशी मेळ शेवटच्या पैशापर्यंत जुळला की त्या संध्याकाळी तो थोडा येतो, आणि दुसऱ्या दिवशी जुळला नाही तर थोडा जातो. आधी तो कमवायचा आणि मग काम शोधायचं ठरवलंत तर दोन वर्षं शिबिरांत आणि प्रेरणादायी व्हिडिओंत जातील, आणि त्या दोन वर्षांची पोकळी परत बायोडेटात दिसेल.

एक गोष्ट मात्र आधी करा: स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाऊन या. सत्तेचाळिशीत झोप उडणं, छातीत धडधडणं, ऐन वेळी शब्द न आठवणं, पटकन रडू येणं हे रजोनिवृत्तीच्या आधीच्या काळातही होतं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर एवढ्या चाचण्या करून घ्या. बऱ्याच बायका ज्याला ‘आत्मविश्वास गेला’ म्हणतात त्यातला काही भाग लोहाच्या कमतरतेचा असतो, आणि तो गोळीने भरतो. दोन आठवड्यांहून अधिक झोप-जेवण बिघडलेलं असेल, कशातच मन लागत नसेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर थांबू नका. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य असतो आणि मराठीत बोलता येतं. समुपदेशन जरूर घ्या. पण ते नोकरीच्या शोधासोबत चालू दे, त्याच्या आधीची अट म्हणून नको.

आणि आता ते वाक्य. ‘सोसायटीत चार वर्षं खजिनदार होते, तेवढंच.’

खजिनदाराने काय काय केलेलं असतं? दर महिन्याची बिलं, त्यात लिफ्ट आणि सेवा शुल्क सर्वांना सारखं, पाणी नळांच्या संख्येवर, सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीची गंगाजळी) बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का, दुरुस्ती निधी किमान पाऊण टक्का. थकबाकीवर २१ टक्क्यांपर्यंत व्याज आणि तेही सरळव्याज. भाडेकरू ठेवणाऱ्याला बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत, त्यात मालमत्ता कर न धरता. नवा हिशेबनीस नेमका इथे चुकतो: थकबाकीवर चक्रवाढ लावतो, बिनभोगवटा शुल्क अख्ख्या बिलावर काढतो, आणि मग सभेत तिसऱ्या मजल्यावरचे काका उपविधी घेऊन उभे राहतात. तुम्ही त्या काकांना चार वर्षं तोंड दिलंय. बँकेचा मेळ, लेखापरीक्षकाच्या शंका, दोष दुरुस्ती अहवाल, ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा. याला महाराष्ट्रात पगार मिळतो. राज्यात एक लाखाहून अधिक सहकारी गृहनिर्माण संस्था आहेत आणि त्यातल्या बहुतेकींना हिशेब नीट लिहिणारं माणूस मिळत नाही.

त्यामुळे माझ्या मते तुमच्यासाठी दोन वाटा आहेत, आणि त्या पुढे एकमेकींना मिळतात. एक, सीएच्या ऑफिसात किंवा छोट्या कंपनीत लेखा सहाय्यक. दोन, गृहनिर्माण संस्थांचे हिशेब. सुरुवात पहिलीने करा, कारण तिथे चूक दाखवणारं कुणी वर असतं. मग शनिवार-रविवारी एक सोसायटी घ्या. सोसायटीच्या आकाराप्रमाणे महिन्याला दोन ते पाच हजारांच्या घरात मिळू शकतात. तीन-चार सोसायट्या झाल्या की बावीस हजारांचं गणित जुळतं. सरकारी नोकरीचा विचार मनातून काढून टाका. राज्यसेवेसारख्या भरतीची वयोमर्यादा खुल्या वर्गाला ३८, मागास प्रवर्गाला ४३. त्या जाहिराती पाठवणाऱ्या नातेवाइकांना धन्यवाद म्हणा आणि पुढे चला.

तुमचं ज्ञान जुनं झालंय का? अर्धंच. तुम्ही सोडलंत तेव्हा सेल्स टॅक्स होता. १ एप्रिल २००५ ला राज्यात व्हॅट आला, १ जुलै २०१७ ला जीएसटी. चलनं ऑनलाइन गेली, चेकची जागा एनईएफटी-यूपीआयने घेतली. पण नावे-जमा जिथल्या तिथे आहे. ‘घसारा (वापराने वस्तूची घटणारी किंमत) का काढतात’ हे ज्याला कळतं त्याला टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकायला महिना लागतो. टॅलीची बटणं पाठ असून घसारा न कळणारी मुलं क्लासमधून दरवर्षी बाहेर पडतात, आणि सीए त्यांना वैतागलेले असतात.

बारा आठवडे धरा. आठवड्याचे पाच दिवस, रोज दोन तास, एकूण १२० तास. घरी बसून नको. ‘घरी आहेस तर जरा कुकर लाव’ या वाक्यात तुमचे तास विरघळतील. आईचा दोष नाही त्यात. डोंबिवलीत गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत. सकाळी दहाला डबा घेऊन तिथे जा, शेजारी एमपीएससीची मुलं असतील, काही बिघडत नाही.

पहिले दोन आठवडे एक्सेल: बेरजा, सॉर्ट, फिल्टर, सम-इफ, व्ही-लुकअप, पिव्होट टेबल. एवढंच, जास्त नको. संगणकाला हात लावायचीच भीती असेल त्या वाचकांनी आधी एमएस-सीआयटी करावं. पुढचे चार आठवडे टॅलीप्राइम. त्याची शैक्षणिक आवृत्ती फुकट मिळते, फक्त तिच्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच नोंदी करता येतात; सरावाला तेवढं पुरे. एक काल्पनिक किराणा दुकान उघडा, ४० खरेदीची आणि ६० विक्रीची बिलं स्वतः तयार करून चढवा. एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ विक्री, एफ९ खरेदी हे बोटांना पाठ झालं पाहिजे. मुलाखतीत समोर संगणक ठेवतात तेव्हा माउस शोधणारा हात आणि एफ७ दाबणारा हात यांतला फरक दोन सेकंदांत कळतो.

सातवा ते नववा आठवडा जीएसटी आणि टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर). कलमं पाठ करू नका, महिन्याचं वेळापत्रक पाठ करा: ७ तारखेला टीडीएस भरणं, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र), १४ ला २बी (पुरवठादारांनी भरलेल्यावरून आपोआप बनणारा आपल्या खरेदीचा तक्ता) तयार होतो, १५ ला पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा), २० ला ३बी (महिन्याचा जीएसटी भरायचं विवरणपत्र). ऑफिसचा अख्खा महिना या पाच तारखांवर फिरतो. सगळ्यात जास्त मागणी असलेलं, सगळ्यात कंटाळवाणं आणि क्लासमध्ये सगळ्यात कमी शिकवलं जाणारं काम म्हणजे खरेदी नोंदवही २बीशी जुळवणं. न जुळणाऱ्या बिलांची चार कारणं असतात: पुरवठादाराने भरलंच नाही, पुढच्या महिन्यात दाखवलं, जीएसटी क्रमांक चुकला, किंवा बिल क्रमांक वेगळ्या पद्धतीने टाकला, ‘१२३’ आणि ‘एबी/१२३’ एक्सेलला वेगळे वाटतात. ही चार कारणं सांगता आली तर समोरचा माणूस खुर्ची पुढे ओढतो.

शेवटचे तीन आठवडे खरी वही. ओळखीच्या दुकानदाराचा किंवा आईच्या सोसायटीचा एक महिना मागून घ्या, फुकट लिहा, आणि त्यांच्या नेहमीच्या माणसाच्या आकड्यांशी ताडून पाहा. फुकट काम एकदाच, एकाच महिन्याचं. पुढच्या महिन्याला दर सांगायचा.

क्लास लावायचा तर ‘१०० टक्के प्लेसमेंट’ लिहिलेले ५०-६० हजारांचे पॅकेज टाळा. प्लेसमेंट म्हणजे बहुतेकदा पत्त्यांची यादी. एक दिवस बसून पाहा. वर्गात स्वतःच्या हाताने २बी जुळवून घेत नसतील तर त्या पैशांत चांगला लॅपटॉप येतो. पुढे सहकार आयुक्तांच्या कार्यालयातर्फे होणाऱ्या जी.डी.सी. अँड ए. (सहकार आणि लेखाशास्त्राची सरकारी पदविका) किंवा सहकारी गृहनिर्माण व्यवस्थापन प्रमाणपत्राच्या परीक्षेचा विचार जरूर करा. पदवीधराला बसता येतं, परीक्षा साधारण मे महिन्यात असते, अर्ज काही महिने आधी निघतात. काही वर्षांच्या अनुभवानंतर हीच जी.डी.सी. अँड ए. सोसायट्यांच्या लेखापरीक्षणाचं दार उघडते, आणि त्या कामात पिकलेले केस अडचणीचे ठरत नाहीत, उलट कामी येतात.

बायोडेटा एक पान. वय नको, फोटो नको, वैवाहिक स्थिती नको. सगळ्यात वर: टॅलीप्राइम, एक्सेल, जीएसटी जुळवणी, सोसायटी लेखा. त्याखाली ‘खजिनदार, अमुक गृहनिर्माण संस्था’, किती सदनिका, वर्षाला किती लाखांची जमा, थकबाकी कितीवरून कितीवर आणली. त्याखाली १९९८ ते २००४ ची नोकरी. मधल्या वर्षांसाठी एकच ओळ: ‘कौटुंबिक जबाबदारीमुळे पूर्णवेळ नोकरीतून विराम’. ती ओळ लपवू नका, सजवूही नका. ‘होम मॅनेजर’ वगैरे लिहिण्याची टूम आहे. हिशेबाच्या माणसांना ती हास्यास्पद वाटते.

पदवीवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, ही तुमच्या वयाच्या प्रत्येक घटस्फोटितेची अडचण. नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. बदलायचं असेल तर आधी राजपत्रात जाहिरात, मग आधार, मग पॅन, मग बँक, याच क्रमाने. आणि नोकरी लागण्याच्या आधी, म्हणजे पीएफचं खातं एकाच नावाने सुरू होईल. नाहीतर पुढे पीएफ काढताना तुम्ही आणि तुम्हीच अशा दोन बायका उभ्या राहता.

त्या मुलीच्या प्रश्नाबद्दल. ‘इतकी वर्षं काय करत होतात?’ हा प्रश्न तुमच्या आयुष्याबद्दल नव्हता. तिला फक्त एवढं टिपायचं होतं की तुम्ही पुन्हा मध्येच सोडून जाल का. तेवढंच उत्तर द्या: ‘घरच्या जबाबदाऱ्या होत्या, त्या आता पूर्ण झाल्यात. गेले तीन महिने टॅलीप्राइम आणि जीएसटीवर काम केलंय, एका सोसायटीची वही लिहिलीये. दाखवू का?’ आणि फाइल उघडा. मिस्टर काय करतात असं विचारलं तर: ‘मी आईसोबत राहते. वेळेची अडचण नाही.’ मग गप्प बसा. ही शांतता पाच सेकंद टिकते आणि फार जड वाटते; त्या पाच सेकंदांतच बायका सगळं सांगून बसतात. हे मोबाइलवर रेकॉर्ड करून दहा वेळा ऐका. दहाव्या वेळी ते तुमचं वाक्य झालेलं असेल. पगार विचारला तर ‘तुम्ही द्याल ते’ म्हणायचं नाही. ‘अठरा अपेक्षित आहेत, पंधराने सुरू करीन, तीन महिन्यांनी काम बघून ठरवू’, आणि घरी आल्यावर तेच नम्रपणे व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा. राज्यात महिलांना महिना २५ हजारांच्या पगारापर्यंत व्यवसाय कर नाही. कापला तर विचारा.

नोकरी शोधताना कल्याण, अंबरनाथ, बदलापूरकडे आधी बघा. सकाळी ८.४० ची ठाण्याकडची गाडी पकडणं ही वेगळी नोकरी आहे, पहिल्या वर्षी दोन नोकऱ्या नकोत. राज्य सरकारच्या महास्वयं रोजगार पोर्टलवर नाव नोंदवा, अॅपवर बायोडेटा टाका, पण छोट्या सीए ऑफिसांची भरती बहुतेक ओळखीवर आणि दारावर होते. स्वतः जा. २० तारखेच्या आधीच्या आठवड्यात कुणाला डोकं वर काढायला फुरसत नसते. २२ ते २८ च्या दरम्यान, सकाळी साडेअकराला जा. आठवड्याला आठ दारं. त्यातली सहा ‘बायोडेटा ठेवून जा’ म्हणतील. ते नकाराचं खातं नाही, नुसती आवक-जावक आहे.

काही कागद मात्र याच महिन्यात. हुकूमनाम्याच्या आणि संमतीच्या अटींच्या चार प्रमाणित प्रती काढून ठेवा. तुमचं सिमकार्ड कुणाच्या नावावर आहे ते बघा. नवऱ्याच्या नावावर असेल तर तुमच्या बँकेचा ओटीपी त्यांच्या हातात आहे, कारण मूळ मालक कधीही नवं सिम काढू शकतो. संयुक्त खाती आणि लॉकर बंद, पॉलिसींवरची वारसनोंद बदला. त्यांच्या कुठल्या कर्जाला तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार होता का, हे पतअहवालात दिसेल. तो वर्षातून एकदा सिबिलसारख्या प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून फुकट मिळतो. घटस्फोट झाला तरी बँकेला तो लागू नसतो, हप्ता चुकला तर फोन तुम्हालाच. त्यांच्या कंपनीचा आरोग्य विमा तुमच्यासाठी संपला आहे. स्वतःचा घ्या, रक्तदाब-साखर असेल ती स्पष्ट लिहा. आधीच्या आजारांसाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, म्हणून ती वर्षं आजपासून मोजायला लागलेली बरी. शिधापत्रिका आईच्या पत्त्यावर करून घ्या, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेला ती लागते.

ज्या वाचकांना १८ लाख सोडा, १८ रुपयेही मिळालेले नाहीत, त्यांच्यासाठी: पुन्हा लग्न न केलेली घटस्फोटिता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ खाली, दरमहा पोटगी मागू शकते. वकील परवडत नाही म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरणाकडून कुठल्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. क्रमांक १५१००. मात्र संमतीच्या घटस्फोटात ‘पूर्ण आणि अंतिम’ म्हणून सही झाली असेल तर काही करण्याआधी त्या अटी वकिलाला दाखवा.

तुमचं पहिलं काम मात्र फोनचं आहे. जुन्या सोसायटीच्या सेक्रेटरींना उद्या फोन करा. घटस्फोटाचं काही बोलायची गरज नाही, ‘नोकरीसाठी अनुभवाचं पत्र हवंय’ एवढंच. मजकूर तुम्हीच तयार करून पाठवा, नाहीतर ते महिनाभर ‘करतो, करतो’ म्हणतील: कार्यकाळ, सदनिकांची संख्या, वार्षिक जमा, हाताळलेली कामं. लेटरहेडवर घ्या, सहीसोबत संस्थेचा गोल शिक्का आणि जावक क्रमांक घ्यायला विसरू नका. चार वर्षं खजिनदार होतात, बिनशिक्क्याच्या कागदाला कोण विचारतं ते तुम्हाला माहीत आहे.